नव्या देशात दोघांचे घर बसवताना

परदेशात स्थायिक होण्यासाठी निघालेल्या जोडप्यात बहुधा एकाच्या हाती नोकरीचे पत्र असते आणि दुसऱ्याचा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला असतो. पोहोचल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात ज्या ज्या कागदावर सही करावी लागते, त्यावर ज्याची नोकरी आहे त्याचेच नाव पडत जाते. कारण घाई असते, समोरचा कर्मचारी एकच नाव विचारतो आणि एका नावावर काम भागते. सहा महिन्यांनी ध्यानात येते की घर, बँक, वीज, फोन आणि दवाखाना हे सारे एकाच्या हाती गेले आहे आणि दुसरा माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वावरतो आहे. आम्ही दोघे या अवस्थेतून गेलो आहोत. म्हणून पुढे कामांचा क्रम सांगताना माझा एकच आग्रह राहील: काम कोणतेही असो, शक्य तिथे ते दोघांच्या नावाने व्हावे आणि दोघांनाही करता यावे.

निघण्याआधीचे कागद

विवाहाचा दाखला सर्वांत आधी तपासावा. डिपेंडंट व्हिसा (म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा), आरोग्यविमा, करविवरण, एखादे वेळी भाडेकरारसुद्धा, अशा अनेक ठिकाणी जोडप्याकडे हाच कागद मागितला जातो. दुसऱ्या देशाचा दाखला बहुतेक कार्यालये नुसत्या शिक्क्यावर स्वीकारत नाहीत. १९६१ च्या हेग करारात शंभराहून अधिक देश सामील आहेत आणि त्यांच्यात आपसांत अपोस्टिल नावाचे प्रमाणपत्र जोडलेला दाखला चालतो. करारात नसलेल्या देशासाठी त्या देशाच्या वकिलातीकडून साक्षांकन करून घ्यावे लागते. अपोस्टिल हे दाखला देणाऱ्या देशातूनच मिळते, त्यामुळे परदेशी पोहोचल्यावर ते मिळवायचे म्हणजे मागे राहिलेल्या कोणालातरी महिनाभर खेटे घालायला लावणे होय. आणखी एक गोष्ट अशी की, अपोस्टिल केवळ सही आणि शिक्का खरा असल्याचे सांगते, आतल्या मजकुराची हमी देत नाही. दाखल्यात नावाचे स्पेलिंग चुकलेले असेल, तर आधी ती चूक दुरुस्त करून मगच अपोस्टिलसाठी अर्ज करावा.

नावाच्या बाबतीत पासपोर्ट हाच आधार मानावा. त्याच्या माहितीच्या पानाच्या तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात आणि यंत्र त्या ओळींतूनच नाव वाचते. आडनाव कोणत्या रकान्यात आहे आणि मधले नाव कशाला जोडून आले आहे, हे दोघांनीही पाहून ठेवावे आणि पुढे बँक, विमा, भाडेकरार, शिक्षणसंस्था अशा प्रत्येक ठिकाणी नाव अगदी तसेच लिहावे. लग्नानंतर एकाचे नाव बदललेले असेल, तर जुने आणि नवे नाव जोडणारा अधिकृत कागद सोबत असलाच पाहिजे.

ज्याला अजून नोकरी नाही त्याच्या पदव्या, गुणपत्रिका आणि अनुभवाची पत्रे घाईत हमखास मागे राहतात. ज्याच्या नोकरीवर सगळे चालले आहे त्याचे कागद मात्र तीन तीन प्रतींत सोबत असतात. ही चूक वर्षभर पुरते, कारण पदवीची समकक्षता ठरवून घेण्यासाठी मूळ प्रती आणि अनेकदा विद्यापीठाने थेट पाठवलेले उतारे लागतात. दोघांच्या दोन स्वतंत्र फायली कराव्यात, त्या हातातल्या सामानात ठेवाव्यात आणि त्यांचे स्कॅन दोघांच्याही खात्यांत चढवून ठेवावेत.

मागे घर, जमीन किंवा बँकेतले व्यवहार असतील, तर विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र निघण्याआधीच करावे आणि त्यात नेमकी कोणती कामे करता येतील हे मर्यादित शब्दांत लिहावे. जुना मोबाइल क्रमांक बंद करण्याची घाई करू नये. जुन्या बँकेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येत राहतात आणि तो क्रमांक एकदा गेला की खाते स्वतःचे असूनही उघडता येत नाही. गाडी चालवणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मायदेशातच काढून घ्यावा. १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा परवाना एक वर्ष चालतो, १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा जास्तीत जास्त तीन वर्षे. दोन्ही परवाने म्हणजे मूळ परवान्याचे भाषांतर असते, त्यामुळे मूळ परवाना जवळ नसेल तर त्यांचा उपयोग नाही. शिवाय एकदा रहिवासी झाल्यावर ठरावीक मुदतीत स्थानिक परवाना घ्यावा लागतो, आणि ती मुदत पुष्कळदा करारातल्या मुदतीपेक्षा कमी असते.

पत्ता आणि त्याचे चक्र

पोहोचल्यावर पहिली अडचण येते ती अशी: बँक पत्त्याचा पुरावा मागते, घरमालक बँकेचे खाते मागतो, पगारासाठी खाते लागते आणि घर मिळण्यासाठी पगाराची चिठ्ठी लागते. हे चक्र कुठूनतरी तोडावे लागते. त्यासाठी तात्पुरत्या निवासाच्या मालकाकडून किंवा नोकरी देणाऱ्या संस्थेकडून राहण्याच्या पत्त्याचे सही-शिक्क्याचे पत्र घ्यावे आणि ज्या देशांत पालिकेत किंवा नोंदणी कार्यालयात पत्ता नोंदवणे बंधनकारक आहे, तिथे ती नोंद सर्वांत आधी करावी, कारण पुढचे बहुतेक कागद त्या नोंदीवरच उभे राहतात. हे पत्र मागतानाच त्यात दोघांची नावे घालण्यास सांगावे. विनंती साधी असते आणि सहसा कोणी नाही म्हणत नाही. नंतर तेच नाव घालून घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

घर न पाहता आणि करार न वाचता पैसे पाठवू नयेत, मग छायाचित्रे कितीही चांगली असोत आणि घाई करणारा माणूस कितीही गोड बोलो. करारावर दोघांची नावे असावीत, मात्र त्याचा अर्थही समजून घ्यावा: अनेक ठिकाणी दोघांनी सही केली की पूर्ण भाड्यासाठी प्रत्येकजण जबाबदार धरला जातो. अनामत रक्कम परत मिळण्याच्या अटी, घर सोडण्याची सूचना किती आधी द्यायची आणि भाड्यात वीज, पाणी किंवा हीटिंग धरले आहे का, ही तीन कलमे भाषा कळत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावीत. किल्ली हाती आली की सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचे फोटो काढावेत. भिंतीवरचा ओरखडा, नळाखालचा ओलीचा डाग, खिडकीचा सैल झालेला मूठदांडा, वीज आणि पाण्याच्या मीटरवरचे आकडे हे सगळे त्याच दिवशी घरमालकाला ईमेलने पाठवून ठेवावे. दोन वर्षांनी घर सोडताना अनामत रकमेचा वाद निघाला, तर त्या ईमेलवरची तारीख तुमच्या बाजूने बोलते.

विजेचे बिल एकाच्या नावाने आणि इंटरनेटचे दुसऱ्याच्या नावाने घ्यावे. ही छोटीशी युक्ती आम्हाला फार उशिरा सुचली. बिले हाच अनेक ठिकाणी पत्त्याचा पुरावा धरला जातो, आणि सगळी बिले पतींच्या नावाने असल्यामुळे मला वाचनालयाचे सभासदत्व घेण्यासाठीसुद्धा त्यांचे पत्र न्यावे लागले होते. त्या दिवशी खिडकीपाशी उभी असताना मला जे वाटले, ते टाळता येण्यासारखे होते.

विजेची उपकरणे सोबत नेण्याबद्दल इतकेच सांगते की, अ‍ॅडॉप्टरने प्लगचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. उपकरणावर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तर ते कुठेही चालते. फक्त २३० लिहिलेले तापवण्याचे उपकरण १२० व्होल्टच्या देशात नीट तापणार नाही आणि उलट केल्यास जळेल.

तारखा, मापे आणि औषधांची नावे

०४/०५ अशी लिहिलेली तारीख काही देशांत ४ मे असते आणि काही देशांत ५ एप्रिल. रहिवासी परवान्याच्या भेटीचे असेच एक पत्र आम्ही महिन्याच्या फरकाने चुकीचे वाचले आणि भेट हुकल्यावर नवी वेळ मिळेपर्यंत सात आठवडे गेले. तेव्हापासून पत्र आले की त्यावर पेन्सिलने महिन्याचे नाव अक्षरांत लिहायचे आणि ती तारीख दोघांच्याही फोनमध्ये घालायची, असा नियम आम्ही केला आहे. स्वतः अर्ज भरतानाही जिथे रकाना परवानगी देतो तिथे महिना अक्षरांतच लिहावा.

मापांचा गोंधळ तब्येतीच्या बाबतीत खरोखर धोक्याचा ठरू शकतो. रक्तातील साखर काही देशांत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात, तर काही देशांत मिलिमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्या आकड्याला १८ ने भागले की दुसरा मिळतो, म्हणजे १२६ आणि ७ हे एकच प्रमाण आहे. तापाचेही तसेच: १००.४ फॅरेनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस. घरात मधुमेही किंवा लहान मूल असेल, तर ही रूपांतरे कागदावर लिहून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावीत.

औषधे नेहमी त्यांच्या मूळ नावाने लिहून न्यावीत, कंपनीच्या नावाने नव्हे. जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून औषधांची आंतरराष्ट्रीय नावे प्रसिद्ध करते आणि जगभरचे डॉक्टर व औषधविक्रेते ती ओळखतात. तरीही काही नावे दोन असतात: बहुतेक जग ज्याला पॅरासिटामॉल म्हणते, त्याला अमेरिकेत आणि कॅनडात अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, आणि दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होते. हे ठाऊक नसल्यास एकच औषध दोन नावांनी दुप्पट घेतले जाण्याची भीती असते. लसीकरणाच्या नोंदी, चष्म्याचा नंबर आणि सुरू असलेल्या औषधांची डॉक्टरांच्या सहीची यादी दोघांचीही सोबत असावी. काही झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत, म्हणून त्या नेण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर नियम पाहावा.

आजारी पडण्याची वाट न पाहता डॉक्टरकडे नाव नोंदवावे. आम्ही पहिल्यांदा दवाखान्यात गेलो, तेव्हा दुखणे माझे होते. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझ्याकडे पाहून जन्मतारीख विचारली आणि उत्तर माझ्या पतींनी दिले. त्यांनी पत्ता विचारला, तोही पतींनीच सांगितला. मग दुखणे केव्हापासून आहे असे विचारून त्या बाईंनी हातातले पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहत त्या थांबून राहिल्या. पतीही गप्प झाले. मला शब्द जुळवायला वेळ लागला, वाक्य मोडके आले, पण तेवढ्या सगळ्या वेळात बाईंनी नजर दुसरीकडे वळवली नाही. पतींचा हेतू मदतीचाच होता आणि मीही सवयीने त्यांच्याकडे वळले होते. घरी परतताना आम्ही ठरवले की ज्याचे काम त्याने बोलायचे, दुसऱ्याने शेजारी उभे राहायचे आणि विचारल्याशिवाय मध्ये पडायचे नाही. गंभीर आजाराच्या किंवा शस्त्रक्रियेच्या बोलण्यात मात्र जोडीदाराला दुभाषा करू नये. तो घाबरलेला असतो, वाईट बातमी सौम्य करून सांगतो आणि वैद्यकीय शब्द त्यालाही येत नसतात. अशा वेळी रुग्णालयाकडे दुभाषा आहे का, हे भेटीची वेळ घेतानाच विचारावे.

तातडीच्या मदतीचा क्रमांक, मग तो ११२ असो, ९११ असो की ९९९, दोघांच्याही तोंडी असला पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपला पत्ता स्थानिक उच्चारात मोठ्याने सांगता आला पाहिजे. आम्ही तो जेवणाच्या टेबलापाशी बसून एकमेकांना म्हणून दाखवत असू. रस्त्याच्या नावातला एक स्वर मला आठवडाभर साधला नव्हता.

पैसा आणि कर

आधीच्या देशातला कर्जफेडीचा चांगला इतिहास सहसा नव्या देशात मोजला जात नाही, आणि क्रेडिट हिस्टरी शून्यापासून उभी करावी लागते. ज्या देशांत अशी नोंद ठेवली जाते तिथे ती प्रत्येक माणसाची स्वतंत्र असते, जोडप्याची एकत्र नसते. म्हणून घरखर्चाचे एक संयुक्त खाते असावे आणि त्याशिवाय दोघांचे एकेक स्वतंत्र खातेही असावे, एकाचे उत्पन्न शून्य असले तरीही. कमी मर्यादेचे एखादे क्रेडिट कार्ड किंवा फोनचा मासिक करार दुसऱ्याच्या नावाने घेऊन त्याचे पैसे दर महिन्याला वेळेवर भरले, तर त्याच्या नावाची नोंद तयार होऊ लागते. संयुक्त खात्यात भरलेली रक्कम दोघांपैकी कोणालाही काढता येते, हे दोघांनाही मान्य असले पाहिजे आणि ते स्पष्ट शब्दांत बोलून घ्यावे.

करासाठी तुम्ही रहिवासी कधी ठरता, हे पहिल्या वर्षातच पाहावे लागते. पुष्कळ देश वर्षातले १८३ दिवस ही एक कसोटी मानतात, जरी ती एकमेव नसते. आणि रहिवासी ठरल्यावर बरेच देश जगभरातल्या उत्पन्नावर विवरण मागतात, म्हणजे मागे ठेवलेल्या ठेवींचे व्याज आणि घरभाडेही त्यात येते. दोन देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असला, तरी उत्पन्न सांगावे लागतेच. पहिल्या वर्षीचे विवरण जाणकाराकडून भरून घेण्यासाठी पैसे खर्च करणे मला योग्य वाटते, फक्त त्या बैठकीला दोघांनीही बसावे.

व्हिसा कोणाचा, पासपोर्ट कोणाकडे

डिपेंडंट व्हिसावर काम करता येते का, हे देशागणिक आणि व्हिसाच्या प्रकारागणिक बदलते, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता परवान्यावर छापलेल्या अटी वाचाव्यात. त्याबरोबरच मुख्य व्हिसाधारकाची नोकरी गेली, त्याचा मृत्यू झाला किंवा दोघे वेगळे झाले तर दुसऱ्याच्या परवान्याचे काय होते, हेही सुखाच्या दिवसांतच वाचून ठेवावे. हा विषय काढणे अविश्वासाचे लक्षण समजू नये. प्रत्येकाचा पासपोर्ट आणि परवाना प्रत्येकाकडेच असावा. तो जोडीदाराने, सासरच्यांनी किंवा मालकाने अडकवून ठेवणे चुकीचे आहे, आणि तसे होत असेल तर पोलिसांची किंवा स्थानिक मदतसंस्थेची मदत घेण्यात कसलाही कमीपणा नाही. आपल्या देशाच्या वकिलातीत दोघांचीही नोंद करावी. वकिलातींच्या कामकाजाविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशात अटक झालेल्या माणसाला वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते, एवढे तरी प्रत्येकाला ठाऊक असावे.

भाषा आणि मन

ज्याची नोकरी असते त्याची भाषा कामावर आपोआप सुधारते आणि घरी राहिलेल्याची तिथेच राहते. हे अंतर पहिल्या तीन महिन्यांत पडते आणि नंतर ते भरून काढणे जड जाते. युरोपात आणि इतरही अनेक ठिकाणी भाषेचे ज्ञान ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्यांत मोजतात, आणि जिथे कायम वास्तव्यासाठी भाषेची परीक्षा असते तिथे ती पुष्कळदा दोघांनाही वेगवेगळी द्यावी लागते. म्हणून घरी असणाऱ्याचा भाषावर्ग हा घराच्या खर्चातला पहिला खर्च मानावा. फोनवर बोलणे समोरासमोर बोलण्यापेक्षा अवघड असते, कारण हावभाव दिसत नाहीत. तेव्हा फोन पाळीपाळीने करावेत आणि विचारायचे प्रश्न आधी लिहून घ्यावेत. आमच्या कपडे धुण्याच्या यंत्रावरच्या बटणांना मी मराठीत लिहिलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या: सुती, लोकरी, नुसते पिळणे. ओल्या हातांनी त्यांच्या कडा गोळा होत गेल्या, आणि एक पट्टी पडली तेव्हा ती पुन्हा लावावी लागली नाही.

कालेर्व्हो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाने १९६० मध्ये लिहिलेल्या लेखात सांस्कृतिक धक्क्याची लक्षणे दिली आहेत: सारखे हात धुणे, पिण्याच्या पाण्याची अवाजवी काळजी, शून्यात लागलेली नजर, थोड्याशा विलंबाने येणारा संताप, आपण फसवले जात आहोत ही भीती आणि घरी परतण्याची तीव्र ओढ. नवलाईचे दिवस, मग अडचणीचा काळ, मग हळूहळू सावरणे आणि शेवटी रुळणे, असा क्रम त्याने मांडला. जोडप्याने यातून ध्यानात घ्यायचे ते असे की, दोघांचे टप्पे एकाच वेळी येत नाहीत. एक नव्या कामात रमलेला असतो तेव्हा दुसरा दुपारच्या शांततेत खचत असतो, आणि तो सावरू लागतो तोवर पहिल्याचा धीर सुटतो. अशा वेळी होणारी भांडणे बिल, कचऱ्याचा डबा किंवा विसरलेली किल्ली यांवरून होतात. आम्ही आठवड्यातून एक संध्याकाळ ठेवली होती, ज्यात दोघांनी त्या आठवड्यातली सर्वांत अवघड गेलेली एक गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्याने उपाय सुचवायचा नाही. त्याशिवाय दोघांची स्वतंत्र ओळखीची माणसे असावीत, मग ती भाषावर्गातली असोत, व्यायामशाळेतली असोत की स्वयंसेवी कामातली. महिनोनमहिने झोप किंवा भूक गेली असेल, तर ते घरच्या आठवणीवर न ढकलता डॉक्टरांना सांगावे.

सहा महिने झाले की एक आठवडा कामांची पूर्ण अदलाबदल करावी. जो बँक आणि पत्रव्यवहार पाहतो त्याने ते दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि दुसऱ्याची कामे स्वतः करावीत; या काळात विचारल्याशिवाय सांगू नये. कोणाला कोणता पासवर्ड माहीत नाही, कोणत्या खात्यावर एकाचेच नाव आहे, परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज कुठे करायचा हे कोणाला ठाऊक नाही, हे त्या सात दिवसांत कळते. जे सापडेल ते वहीत लिहून पुढच्या महिन्यात एकेक करून पुरे करावे, आणि परवाना व पासपोर्ट संपण्याच्या तारखांच्या सहा महिने आधीची खूण दोघांच्याही कॅलेंडरमध्ये करून ठेवावी.